मॅग्नेशियमचं बूच

जळगावात संध्याकाळी चायनीजच्या कुठल्याही गाडीवर जरा वेळ उभं राहा. "भाऊ, अजिनोमोटो नका टाकू, डोक्याला वाईट असतं," असं सांगणारं एक तरी गिऱ्हाईक येतंच. गाडीवाला मान डोलावतो आणि हाताच्या सवयीने चिमूट टाकून मोकळा होतो. ती पांढरी पूड म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोत किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्याची चव ओळखली, आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. आता गंमत बघा. ज्या डोक्याच्या काळजीने गिऱ्हाईक बोलतं, त्या डोक्यातल्या उत्तेजक निरोपांची जवळपास सगळी ने-आण ग्लुटामेटच करतं. हे वाचतानाही तुमच्या मेंदूत ते क्षणोक्षणी सांडतंय आणि उचललं जातंय.

गाडीवरचं ग्लुटामेट मात्र तिथवर पोचत नाही. जेवणातून ते आपण रोजच खातो. पिकल्या टोमॅटोत ते मोकळं असतं, कळण्याच्या भाकरीतल्या उडदात प्रथिनांमध्ये गुंफलेलं असतं. त्यातलं बहुतेक आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून जाळतात. उरलेलं रक्तात येतं, पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते की ते आत शिरत नाही. मेंदू स्वतःपुरतं ग्लुटामेट मुख्यतः ग्लुकोजपासून घरीच बनवतो.

इतकं सर्रास सापडतं म्हणूनच शास्त्रज्ञांचाही त्यावर बरीच वर्षं विश्वास बसला नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस आणि जेफ वॉटकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर ग्लुटामेटचा थेंब सोडून पाहिला. पेशी ताबडतोब उत्तेजित झाल्या. पण एक नाही, दोन नाही, जवळपास प्रत्येक पेशी उत्तेजित व्हायला लागली तेव्हा त्यांनाच शंका आली. निरोप्या म्हटला की तो ठराविक घरी जायला हवा, हा तर प्रत्येक दारात उभा! प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवायला लागणारा साधा अमिनो आम्ल, तो मेंदूचा मुख्य निरोप्या कसा असेल? हे मान्य व्हायला पुढची वीसेक वर्षं गेली. आज पाहिलं तर त्या शंकेत तथ्य होतं, फक्त रोख चुकला होता. ग्लुटामेट स्वतः काहीच ठरवत नाही. त्याचं काय करायचं हे त्याला पकडणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या कडेवर बसलेलं प्रथिन, ठरवतो. त्यामुळे पुढे सगळी गोष्ट रिसेप्टरचीच आहे, आणि त्यातही एका रिसेप्टरमध्ये अडकून बसणाऱ्या मॅग्नेशियमच्या एका आयनाची, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूची.

फट, पिशवी, झडप

दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. भेटतात म्हणजे चिकटत नाहीत, मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. अलीकडच्या पेशीत ४० नॅनोमीटर व्यासाच्या गोल पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत ग्लुटामेटचे काही हजार रेणू. विजेचा ठोका आला की पिशवी पेशीच्या कडेला येऊन फुटते. फटीतली ग्लुटामेटची मात्रा क्षणात १ मिलिमोलरच्या (द्रवातली रेणूंची दाटी मोजायचं हे माप) आसपास चढते आणि एक-दोन मिलिसेकंदांत ओसरते. फट इतकी अरुंद आहे की ती ओलांडायला रेणूला कुणी ढकलावं लागत नाही. नुसत्या उष्णतेच्या धक्काबुक्कीने तो मायक्रोसेकंदाच्या आसपास पलीकडे पोचतो. सांडलेलं ग्लुटामेट आजूबाजूच्या आधारपेशी लगोलग ओढून घेतात.

पलीकडच्या कडेवर प्रामुख्याने दोन जातींचे रिसेप्टर बसलेले असतात, ॲम्पा आणि एनएमडीए. दोन्ही नावं प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनांची. नावं लक्षात ठेवायला त्रास होतो हे कबूल, पण दुसरी कुणी काढलेली नाहीत.

ॲम्पा हा घाईचा रिसेप्टर. चार प्रथिनं एकत्र येऊन तो बनतो आणि चौघांच्या मधोमध आयन जाण्यापुरतं भोक असतं. एरिक गुओ यांच्या गटाने २००९ साली त्याची अख्खी रचना स्फटिकातून उलगडली, तेव्हा तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसला: वर रुंद, खाली निमुळता होत पेशीच्या पापुद्र्यात रुतलेला. प्रत्येक प्रथिनाला दोन पाळ्यांची एक खोबण असते. ग्लुटामेट खोबणीत शिरला की दोन्ही पाळ्या सुमारे २० अंशांनी त्याच्यावर मिटतात. वरची खोबण मिटली की तिला जोडलेला खालचा दोर ताणला जातो आणि भोकाची झडप उघडते. हे सगळं एका मिलिसेकंदाच्याही आत. झडप उघडली की बाहेरचा सोडियम आत धावतो आणि पेशीतला विजेचा दाब बदलतो.

ग्लुटामेट फटीत रेंगाळलं तरी ॲम्पा फार काळ उघडा राहत नाही. ताणलेली रचना आतल्या आत सैलावते, दोन शेजारी प्रथिनांनी एकमेकांना दिलेला आधार सुटतो आणि खोबणीत ग्लुटामेट असूनही काही मिलिसेकंदांत झडप पडते. याला डीसेन्सिटायझेशन म्हणतात. बधिर होणं म्हटलं तरी चालेल.

हे मिलिसेकंदाचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. असले बरेचसे प्रयोग 'खोलीच्या तापमानाला' झालेले असतात, म्हणजे २० ते २५ अंशांना. ज्यांनी हे नाव दिलं त्यांनी मे महिन्यात भुसावळला एखादी खोली भाड्याने घेऊन पाहावी! विनोद सोडा, पण तापमानाने खरंच फरक पडतो. झडपांची उघडझाप १० अंशांमागे दुपटी-तिपटीने वेगवान होते. म्हणून २२ अंशांना मोजलेला वेळ ३७ अंशांच्या मेंदूला जसाच्या तसा लावता येत नाही.

एका भोकाचा हिशोब

एका रिसेप्टरमधून जाणारा प्रवाह मोजता येतो हेच मुळात थक्क करणारं आहे. जर्मनीत अर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये ते करून दाखवलं, आणि १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक मायक्रोमीटरभर रुंद उरलं पाहिजे. ते पेशीच्या पापुद्र्याला टेकवायचं, किंचित चोखायचं. पापुद्रा काचेला इतका घट्ट चिकटतो की नळीच्या तोंडात सापडलेल्या एखाद्या भोकाचा प्रवाह वेगळा ऐकू यावा तसा नोंदला जातो. पडद्यावर दिसतं काय? एक आडवी रेघ. मध्येच ती पायरीसारखी सरळ खाली उतरते, थोडा वेळ खाली राहते, परत सरळ वर येते. झडप एक तर उघडी, नाही तर बंद. एकदा ती नोंद पाहिली की रिसेप्टर ही कल्पना राहत नाही, वस्तू होते.

आता पाटीवर करता येईल असा हिशोब. एनएमडीए रिसेप्टरची वाहकता, म्हणजे विजेच्या दाबामागे किती प्रवाह जातो ते, सुमारे ५० पिकोसिमेन्स. पेशीच्या पापुद्र्यावर ६० मिलिव्होल्टचा दाब धरला तर प्रवाह येतो ३ पिकोअँपिअर. एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन. एका सोडियम आयनावरचा भार १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलॉम. भागाकार करा: सेकंदाला सुमारे १ कोटी ९० लाख आयन. म्हणजे एका भोकातून, एकामागे एक, दर ५० नॅनोसेकंदांना एक. हा ५० नॅनोसेकंदांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा हिशोब दाबाचा. निवांत बसलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट कमी दाब असतो. घड्याळाच्या साध्या सेलमध्ये १.५ व्होल्ट असतात, त्याच्या विसाव्या हिश्शाइतका हा दाब. क्षुल्लक वाटतो. पण तो पडलेला आहे फक्त ५ नॅनोमीटर जाडीच्या तेलकट पापुद्र्यावर. ७० मिलिव्होल्टला ५ नॅनोमीटरने भागलं की मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट येतात. कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. चेतापेशीच्या पापुद्र्यात त्याच्या चौपटीहून तीव्र विद्युतक्षेत्र चोवीस तास नांदतं. भोकात सापडलेल्या भारित आयनावर केवढा जोर पडत असेल याचा अंदाज आता येईल.

अडकलेला आयन

एनएमडीए रिसेप्टरचा बांधा ॲम्पासारखाच, चार प्रथिनांचा. स्वभाव मात्र पार वेगळा. ॲम्पाची ग्लुटामेटवरची पकड सैल, एनएमडीएची शेकडो पटींनी घट्ट. त्यामुळे फटीतलं ग्लुटामेट ओसरून गेलं तरी एनएमडीएच्या खोबणीतलं सुटत नाही आणि ॲम्पाचा प्रवाह काही मिलिसेकंदांत संपतो तिथे एनएमडीएचा दहापट-शंभरपट लांबतो. शिवाय त्याला एकट्या ग्लुटामेटने भागत नाही. चारपैकी दोन खोबणींत ग्लुटामेट लागतं, उरलेल्या दोन खोबणींत ग्लायसिन किंवा डी-सेरिन, तीही अमिनो आम्लंच. ग्लायसिनची ही गरज जॉन जॉन्सन आणि फिलिप आशेर यांना १९८७ मध्ये सापडली.

पण खरी मेख वेगळीच आहे. निवांत पेशीवर ग्लुटामेट ओता, ग्लायसिन ओता, एनएमडीएची झडप उघडेल, तरी प्रवाह जवळजवळ शून्य. उघड्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बसलेला असतो.

रावेर-यावल पट्ट्यात केळीला ठिबक करणाऱ्याला हे चित्र चटकन समजेल. ताशी ४ लिटरचा ड्रिपर, लॅटरल नळीत दाब भरपूर, व्हॉल्व्ह उघडा, आणि झाडाखालची माती कोरडी. विहिरीच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षाराने ड्रिपरच्या अरुंद वाटेत बूच मारलेलं असतं. दाब आहे, वाट उघडी आहे, पाणी नाही. एनएमडीएमध्ये नेमकं हेच होतं, मॅग्नेशियमसुद्धा तेच. फरक एवढाच की शेतात क्षार थरावर थर बसून चोक होतो आणि तो काढायला ॲसिड सोडावं लागतं. मेंदूत एकच आयन येऊन बसतो, त्याला विजेच्या दाबाने दाबून धरलेलं असतं, आणि दाब बदलला की तो मिलिसेकंदाच्या आत निघतो.

मॅग्नेशियमच का अडकतो, हा प्रश्न मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. बाहेरच्या द्रवात सोडियम आहे, कॅल्शियम आहे, मॅग्नेशियमही आहे, साधारण १ मिलिमोलर. नुसत्या आयनाचं माप घेतलं तर मॅग्नेशियम सोडियमपेक्षा लहान. मग तो आरपार निसटायला हवा. पण पाण्यात आयन उघडा फिरत नाही, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. मॅग्नेशियम अंगाने लहान आणि वर दोन धन भार, त्यामुळे भाराची दाटी जास्त, आणि भोवतीचे सहा पाण्याचे रेणू त्याने गच्च धरलेले. त्यांतला एक रेणू सुटून त्या जागी दुसरा यायला मायक्रोसेकंदाच्या पातळीवरचा वेळ लागतो. कॅल्शियमच्या बाबतीत हीच अदलाबदल काही नॅनोसेकंदांत, हजारेक पट चपळाईने होते. आता मघाचा आकडा काढा. भोकातून आयन जातो ५० नॅनोसेकंदांना एक. भोकाची सगळ्यात अरुंद जागा आहे अर्ध्या नॅनोमीटरच्या जवळपास. तिथून जायचं तर अंगावरचं पाणी थोडंफार उतरवावं लागतं. सोडियम उतरवतो, कॅल्शियम उतरवतो आणि दोघंही पार होतात. मॅग्नेशियमला ते जमत नाही. पाणी सोडत नाही आणि पाण्यासकट मावत नाही. पाठीमागून विद्युतक्षेत्र आत रेटतंय, पुढची वाट अरुंद, म्हणून तो तिथेच बसतो.

हे १९८४ मध्ये कळलं. पॅरिसमध्ये आशेर यांच्या गटाने आणि अमेरिकेत मार्क मेयर व गॅरी वेस्टब्रुक यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच वर्षी. मॅग्नेशियम एनएमडीएला दाबतो हे वॉटकिन्स आदींना आधीच दिसलं होतं, पण हे दाबणं विजेच्या दाबावर अवलंबून आहे ही गोष्ट नवी होती. पॅरिसच्या नोंदी पाहण्यासारख्या आहेत. द्रवात मॅग्नेशियम नसेल तर रेघ खाली उतरते आणि बराच वेळ खाली राहते. किंचित मॅग्नेशियम टाकला की त्याच पायरीचे तुकडे तुकडे होतात. खाली-वर, खाली-वर, पडदा थरथरल्यासारखा. प्रत्येक थरथर म्हणजे एक आयन आला, बसला, उठला.

किती घट्ट बसतो? क्रेग जार आणि चार्ल्स स्टीव्हन्स यांनी १९९० मध्ये मोजमापांवर बसवलेलं एक सूत्र आजही संगणकावरच्या चेतापेशींमध्ये वापरतात. त्यात १ मिलिमोलर मॅग्नेशियम घालून आकडे काढले तर उणे ७० मिलिव्होल्टला साधारण ४ टक्के भोकं मोकळी मिळतात. उणे २० ला निम्मी. शून्याला पाऊणपेक्षा थोडी जास्त. ५० मिलिव्होल्टचा फरक पडला की वाट दहा पटींहून जास्त मोकळी होते.

आता दोन्ही रिसेप्टर शेजारी ठेवून बघा. एखादा ठोका आला, ग्लुटामेट सांडलं, ॲम्पा उघडले, थोडा सोडियम आत आला, दाब जरासा चढला, मॅग्नेशियम जागचा हलला नाही. निरोप पोचला, पण मागे काही उरलं नाही. आता त्याच वेळी शेजारच्या आणखी बऱ्याच सायनॅप्सवरही ठोके पडले, ॲम्पांचा प्रवाह साठत गेला, पेशीतला दाब शून्याकडे सरकला. विद्युतक्षेत्राचा रेटा ढिला पडला आणि मॅग्नेशियम बाहेरच्या बाजूला निघून गेला. ज्या ज्या एनएमडीएच्या खोबणीत त्या क्षणी ग्लुटामेट धरलेलं होतं, तेवढेच वाहू लागले. अलीकडच्या पेशीने निरोप पाठवला आहे आणि पलीकडची पेशी त्याच सुमारास जोरात जागी झाली आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या तरच. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये केवळ तर्काने म्हटलं होतं की एकत्र जागणाऱ्या पेशींमधला दुवा पक्का होत असावा. ते एकत्र जागणं ओळखणारी वस्तू प्रत्यक्षात आहे, आणि तिचं काम पाणी न सोडणाऱ्या एका आयनावर चालतं.

आत आलेला कॅल्शियम

एनएमडीएमधून सोडियमबरोबर कॅल्शियमही आत येतो, आणि महत्त्वाचा तोच. पेशीच्या आत मोकळा कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतका असतो, त्यामुळे थोडासा आला तरी आत मोठी उलथापालथ होते. सीएएमके-टू नावाचं एन्झाइम जागं होतं. त्या सायनॅप्सवर आणखी ॲम्पा आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढंच ग्लुटामेट सांडलं तरी प्रवाह जास्त.

टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागात हा परिणाम पाहिला, १९७३ साली छापला. भराभर ठोके दिले की सायनॅप्स तासन्‌तास ताकदवान राहतो. ग्रॅहम कॉलिंग्रिज यांनी १९८३ मध्ये दाखवलं की एनएमडीए बंद करणारं एपी-फाइव्ह नावाचं रसायन घातलं तर हे होत नाही, रोजचा निरोप मात्र नीट पोचतो. मग १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी उंदरांना तेच रसायन मेंदूत देऊन गढूळ पाण्याच्या हौदात सोडलं. पाण्याखाली लपवलेला ओटा कुठे आहे हे त्यांना शिकता येईना. ब्लिस, कॉलिंग्रिज आणि मॉरिस यांना २०१६ मध्ये ब्रेन प्राइझ मिळालं.

जाता जाता एक विचित्र गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाववत नाही. ॲम्पामधून कॅल्शियम सहसा आत येत नाही, आणि त्याचं कारण एका दुरुस्तीत आहे. त्याच्या जीएलयूए-टू या प्रथिनाच्या जनुकात, भोकाच्या तोंडाशी बसणाऱ्या जागी ग्लुटामिनचा संकेत आहे. पण जनुकावरून उतरवलेल्या आरएनएत पेशी एक अक्षर बदलते आणि प्रथिनात तिथे धन भाराचा अर्जिनीन येतो. दुहेरी धन भाराच्या कॅल्शियमला तो आत येऊ देत नाही. हायडेलबर्गला पीटर झेबुर्ग यांच्या गटाने हे १९९१ मध्ये शोधलं. ही दुरुस्ती जवळजवळ शंभर टक्के होते. तीत बिघाड केलेल्या उंदरांना फेफरं येऊन ती तीनेक आठवड्यांत मेली. मग जनुकातच नीट का लिहिलेलं नाही? उत्क्रांती वही नेटकी ठेवत नाही, एवढंच म्हणावं लागतं.

जास्त झालं तर

कॅल्शियमचा हाच ओघ थांबला नाही तर पेशी मरते. जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये लहान उंदरांना ग्लुटामेटचे मोठे डोस टोचून चेतापेशी मरताना पाहिल्या. चायनीजच्या गाडीवरची भीती काही अंशी तिथूनच आली. पण टोचलेला मोठा डोस आणि ताटातली चिमूट यांत फार अंतर आहे. खरं संकट बाहेरून येत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली, म्हणजे ज्याला आपण झटका किंवा लकवा म्हणतो ते झालं, की सांडलेलं ग्लुटामेट ओढून घ्यायला आधारपेशींकडे ऊर्जा उरत नाही. ते फटीत साठतं, दाब चढतो, मॅग्नेशियमचं बूच उडतं, कॅल्शियम आत घुसत राहतो. एनएमडीए बंद करणारी औषधं देऊन हे थांबवावं म्हणून बऱ्याच चाचण्या झाल्या आणि माणसांत त्या अपयशी ठरल्या. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत मिळणं याला आजही फार महत्त्व आहे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून निघालेल्या गाडीला साडेचार तास किती कमी पडतात हे वेगळं सांगायला नको.

ॲम्पालाही बाहेरून छळणारं एक रसायन आपल्या राज्यात पिकतं, खानदेशात नाही, पूर्व विदर्भात. लाख किंवा लाखोडीच्या डाळीत ओडॅप नावाचा अमिनो आम्ल असतो, तो ॲम्पाच्या खोबणीत ग्लुटामेटसारखा बसतो. अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली गेली की पाय ताठ आणि लुळे पडतात, आणि ते पुन्हा सुधारत नाहीत.

कृत्रिम बूच, आणि एक आजार

तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात हाड बसवताना किंवा गळू कापताना केटामाइनचं इंजेक्शन देतात, कारण त्याने श्वास फारसा मंदावत नाही. केटामाइन एनएमडीएच्या त्याच भोकात जाऊन बसतं. मात्र भोक उघडं असेल तरच ते आत जाऊ शकतं, आणि आत असताना झडप पडली तर तिथेच कोंडलं जातं. भूल उतरताना पेशंट भलतंच बरळतो, आपण शरीराबाहेर तरंगत होतो असं सांगतो, ते यामुळे. स्मृतिभ्रंशात दिलं जाणारं मेमँटिन हेही त्याच भोकातलं बूच, पण सैल. झटकन बसतं, झटकन उठतं. त्यामुळे रोजची ये-जा फारशी अडत नाही.

केटामाइनचा परिणाम ज्याने पाहिला आहे त्याला पुढचा आजार ओळखीचा वाटेल. कॉलेजात जाणारी चांगली मुलगी. आठवडाभर ताप, डोकेदुखी. मग झोप उडते, ती घाबरते, असंबद्ध बोलते, नसलेली माणसं दिसतात. आणखी काही दिवसांनी तोंडाच्या विचित्र हालचाली, फेफऱ्याचे झटके, मग बोलणंच बंद. आपल्याकडे शहाद्यापासून जळगाव शहरापर्यंत अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो "बाहेरचं लागलं". भगत होतो, गंडा होतो, मग मानसोपचार, आणि तोवर आठवडे गेलेले असतात. घरच्यांना हसण्यात अर्थ नाही. जोसेप दालमाऊ यांच्या गटाने २००७ मध्ये उलगडा करेपर्यंत हे दुखणं डॉक्टरांच्या पुस्तकातही या नावाने नव्हतं.

याचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून एनएमडीएविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. काही तरुण मुलींमध्ये अंडाशयातली टेराटोमा नावाची गाठ याला कारण असते, कारण त्या गाठीत चेतापेशींसारख्या पेशीही वाढतात. प्रतिपिंडं रिसेप्टरचं भोक बुजवत नाहीत, झडपही बिघडवत नाहीत. ती शेजारच्या रिसेप्टरना एकमेकांशी बांधतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. सायनॅप्सवर एनएमडीए विरळ होत जातात. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात ही प्रतिपिंडं तपासता येतात. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि गाठ असेल तर ती काढणं, हे उपचार आहेत. वेळेवर सुरू झाले तर बहुसंख्य रुग्ण सुधारतात, फक्त महिने लागतात. चेतापेशी मेलेल्या नसतात, प्रतिपिंडं ओसरली की रिसेप्टर परत कडेवर येतात.

बऱ्या झालेल्या रुग्णांना आजारातले ते आठवडे बहुधा आठवत नाहीत. कोण भेटायला आलं, कुठल्या दवाखान्यात होतो, काय बोललो, काहीच नाही, आणि ते पुढेही आठवत नाही. ॲम्पा आपलं काम करत होते, म्हणून रुग्ण पाहत होता, ऐकत होता. कॅल्शियम आत सोडणारे एनएमडीए तेव्हा कडेवर पुरेसे नव्हते, त्यामुळे त्यातलं बरंचसं साठवलंच गेलं नव्हतं.